उमेदवार राजा

१८७५ सालच्या उन्हाळ्यात मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यातून गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील तीन मुले बडोद्यास आणली गेली. मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने गादीवरून दूर केले होते आणि कै. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली होती. तिघांपैकी बारा वर्षांच्या गोपाळरावाची निवड झाली. काशीराव गायकवाडांचा हा मुलगा शेतकऱ्याच्या घरातला होता आणि अक्षरओळख म्हणावी अशी त्याला नव्हती. २७ मे रोजी दत्तकविधान झाले, १६ जूनला राज्यारोहण झाले आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले.

बडोद्यास कशासाठी आलात, असे विचारल्यावर या मुलाने राज्य करायला आलो असे बेधडक उत्तर दिले, ही आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यावरच थांबण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मुलगा तेजस्वी होता आणि उत्तर बाणेदार होते, एवढे सांगून चरित्रकार पुढे सरकतो. परंतु त्या उत्तरानंतर राज्य करण्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती यायला साडेसहा वर्षे लागली, आणि ती साडेसहा वर्षे त्या मुलाने काय केले, हे त्या उत्तरापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे.

त्यांनी उमेदवारी केली. या शब्दाने आज आपल्याला निवडणूकच आठवते. जुन्या मराठीत मात्र उमेदवार म्हणजे काम शिकण्यासाठी कचेरीत, पेढीवर किंवा कारागिराच्या हाताखाली राहिलेला तरुण. तो नकला करी, हिशेब जुळवी, भाता ओढी, आणि हात बसला की त्याला जागा मिळे. इंग्रजीत ज्याला ॲप्रेंटिस म्हणतात तो हाच. इंटर्नशिप नावाने आज आपल्या मुलांच्या महाविद्यालयांतून जी खटपट चालते तिचेही मूळ येथेच आहे.

सयाजीरावांच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू या चार भाषा, गणित, इतिहास, आणि त्यांच्या जोडीला घोडदौड, कुस्ती, पोहणे असा भरगच्च दिनक्रम ठरला. ज्या वयात इतर मुले इंग्रजी शाळेत रुळलेली असतात त्या वयात या मुलाने मुळाक्षरांपासून आरंभ केला. त्याची प्रगती प्रथम मंद होती. ती मंद असणे स्वाभाविक होते, आणि इलियट यांनी घाई केली नाही ही त्यांची मोठी शहाणीव. पुढे अधिकार हाती आल्यावर सयाजीरावांनी याच शिक्षकाकडे राज्यातील जमीनमोजणीचे व साराआकारणीचे किचकट काम सोपवले.

या काळात राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता. मूळचे तंजावरकडील मराठी घराण्यातले हे मुत्सद्दी त्रावणकोर आणि इंदूर येथे दिवाणगिरी करून आलेले. १८८१ मध्ये त्यांनी आणि खात्याखात्यांच्या प्रमुखांनी तरुण महाराजांसाठी व्याख्यानांचा एक क्रम चालवला. माधवरावांची व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने छापली गेली. राजाने तक्रार कशी ऐकावी, अधिकाऱ्यांवर किती विश्वास टाकावा, रेसिडेंटाशी कसे वागावे, खर्चाला कोठे आळा घालावा, असे अगदी रोजच्या व्यवहारातले विषय त्यांत आहेत. राजपुत्राला स्तुतिपाठक पुष्कळ मिळतात. आपला धंदा शिकवणारा जुना जाणता कारागीर मिळणे दुर्मिळ, आणि सयाजीरावांना तो मिळाला. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना पूर्ण अधिकार देण्यात आले तेव्हा त्यांचे वय अठरा होते.

या पुढचे त्यांचे चरित्र मोठे आहे आणि ते अनेकांनी सविस्तर लिहिले आहे. १९११ च्या दिल्ली दरबारातील प्रसंगाने उठलेले वादळ, परदेशचे प्रवास, राष्ट्रीय चळवळीतील माणसांना त्यांनी दिलेला आसरा, या गोष्टी येथे सोडून देतो. या लेखाचा विषय एवढाच की, स्वतः उमेदवारी केलेल्या या राजाने इतरांच्या उमेदवारीसाठी काय केले, आणि त्यात त्याला कोठे यश आले व कोठे आले नाही.

आरंभीच्या वर्षांत बडोदे सरकारने स्वतःच्या भांडवलावर उद्योग काढून पाहिले. बडोद्यात सूतगिरणी निघाली, गणदेवीला साखरेचा कारखाना निघाला. साखरेचा कारखाना नीट चालला नाही. यंत्रे परदेशातून आणता येत होती, पैसा खजिन्यातून देता येत होता. यंत्राजवळ उभे राहून ते जाणणारा माणूस मात्र या देशात तयार होत नव्हता. त्या काळची विद्यापीठे वकील, कारकून आणि शिक्षक घडवीत. सुतार, लोहार, रंगारी, कोष्टी यांच्या घरी विद्या होती, परंतु ती बापाकडून मुलाकडे जाणारी; नव्या रसायनांचा आणि वाफेच्या यंत्रांचा तिला स्पर्श नव्हता. एकीकडे हात आणि दुसरीकडे पुस्तक, आणि दोघांची भेट नाही, अशी स्थिती होती.

ही भेट घडवण्याची योजना घेऊन जो माणूस महाराजांपुढे आला त्याचे नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गज्जर सुरतेचे, जातीने सुतार, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ आणि बडोदे कॉलेजात अध्यापक. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले तेव्हा ते काढणे कोणाला जमेना, आणि शेवटी ज्यांनी आपल्या रसायनविद्येने तो पुतळा पूर्ववत केला ते हेच गज्जर. (कोणत्या बाजूला उभे राहून ही कथा वाचावी, हे वाचकाने ठरवावे, रसायन उत्तम होते एवढे निश्चित.) जून १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले आणि गज्जर त्याचे प्रमुख झाले.

चित्रकला, वास्तुशिल्प, यंत्रविद्या, रंगाईचे रसायन, विणकाम असे विभाग तेथे उघडले. कर्मशाळेत प्रत्यक्ष हाताने काम करणे हा शिक्षणाचा गाभा होता. रंगाई शिकवण्यासाठी जर्मन तज्ज्ञ आणले गेले, कारण कृत्रिम रंगांच्या विद्येत त्या वेळी जर्मनीची बरोबरी कोणी करू शकत नव्हते. आणि या सर्वांहून धाडसाची गोष्ट म्हणजे हे शिक्षण देशी भाषेतून देण्याचा निर्णय. रंगाऱ्याच्या मुलाने आधी सात वर्षे इंग्रजी शिकावे आणि मग रंगाकडे वळावे, हे गज्जरांना मान्य नव्हते. तोवर तो रंगारी उरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. महाराजांनाही ते पटले. देशी भाषांतून शास्त्रीय व धंदेविषयक पुस्तके तयार करण्यासाठी राज्याने पैसा मंजूर केला, परिभाषा घडवण्याचे काम हाती घेतले गेले.

मातृभाषेतील शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना या निर्णयाचे मोल निराळे सांगायला नको. मराठी शाळेतून गेलेला मुलगा पुढे कारखान्यात, प्रयोगशाळेत काय करील, हा प्रश्न आपल्या पालकांनी आपल्या वेळी विचारला आणि आज आपण आपल्या मुलांच्या वेळी विचारतो. भाषेचे प्रेम शिकवून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. बडोद्यात त्याचे उत्तर भट्टी, माग आणि लेथ यांच्याजवळ उभे राहून देण्याचा प्रयत्न झाला, आणि तो एका राज्याच्या खजिन्यातून झाला, हे मला विशेष वाटते.

कलाभवनात काय मिळत होते, याचे एकच उदाहरण सविस्तर देतो. त्र्यंबकेश्वरचा एक तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्यास आला. धुंडिराज गोविंद फाळके त्याचे नाव. चित्रकला तो शिकून आला होता. कलाभवनात तो छायाचित्रण, शिल्पकाम, वास्तुरचना यांत रमला. गज्जरांनी या विद्यार्थ्याची ओढ ओळखून कलाभवनाचा छायाचित्रणाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा त्याला मोकळी करून दिली. काच धुणे, रसायने मिसळणे, ठसे उमटवणे, हे सारे त्याने चुकत-माकत स्वतःच्या हाताने केले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. या विद्यांपैकी कोणतीही एक घेऊन तो कोठेतरी पोट भरू शकला असता. त्याने छायाचित्रकार म्हणून दुकान थाटले, छापखाना काढला, आणि वयाच्या चाळिशीनंतर ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्या चित्रपटात पडदे रंगवणे, देखावे उभारणे, कॅमेरा चालवणे, फीत धुणे आणि छापणे ही कामे त्याला जी साधली, त्यांतील बरीच एकाच छपराखाली, बडोद्यात, हाताशी आली होती. कलाभवनाच्या कोणत्याही अभ्यासक्रमपत्रिकेत चित्रपट हा विषय नव्हता. तो असणे शक्यच नव्हते.

गज्जरांची स्वप्ने कलाभवनापेक्षा मोठी होती. देशी भाषांतून सर्व धंदेशिक्षण देणारे एक विद्यापीठच त्यांना हवे होते. दरबारातील अधिकाऱ्यांना एवढा विस्तार मानवला नाही. खर्चाचे, शिस्तीचे, अधिकाराचे प्रश्न निघाले. काही वर्षांतच गज्जर बडोदे सोडून मुंबईस विल्सन कॉलेजात गेले. महाराजांनी त्यांना थोपवायला हवे होते, असे आज वाटते. ते वारंवार दीर्घकाळ परदेशी असत आणि त्यांच्यामागे कारभार कागदांच्या गतीने चाले, हा त्यांच्या राज्यपद्धतीतला एक खरा दोष होता. तरीही पेरलेले वाया गेले नाही. गज्जरांच्याच तालमीत तयार झालेले भाईलाल अमीन आणि कोटीभास्कर यांनी गज्जरांसह १९०७ मध्ये अलेंबिक या रसायन-कारखान्याचा पाया घातला, आणि पुढे तो बडोद्यातच वाढला. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, बँक ऑफ बडोदा निघाली. शिकलेला हात, त्याला काम देणारा कारखाना आणि कारखान्याला भांडवल पुरवणारी पेढी, अशी साखळी जोडली जात होती.

सयाजीरावांचे वैशिष्ट्य असे की, शिकून करायचे काम ही कल्पना त्यांनी कारखान्यापुरती ठेवली नाही. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली. घराण्याबाहेरच्या मुलालाही स्वरलिपीच्या आधारे गाणे शिकता येऊ लागले. १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डेन नावाचे ग्रंथपाल आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, आणि लगोलग ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग काढला. या देशात ग्रंथपालाचे काम शिकवण्याचा तो आरंभ होय. त्या वर्गातून निघालेल्या माणसांनी आणि मोतीभाई अमीनांसारख्या कार्यकर्त्यांनी पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत पोचवल्या. महाराणी चिमणाबाईंच्या नावाने स्त्रियांसाठी उद्योगालय निघाले. १९१५ मध्ये तर पुरोहितांसाठीही कायदा झाला: परीक्षा उत्तीर्ण होऊन सनद मिळवल्याखेरीज पौरोहित्य करता येणार नाही. भिक्षुकवर्गात केवढी खळबळ उडाली असेल! परंतु विचार सरळ होता. सुताराला काम येते की नाही हे पाहतो, तर मंत्र म्हणणाऱ्याला त्यांचा अर्थ येतो की नाही हे का पाहू नये?

या सर्वांच्या तळाशी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण होते. १८९३ मध्ये अमरेली आणि आसपासच्या काही गावांत त्याचा प्रयोग झाला, १९०६ मध्ये ते राज्यभर लागू झाले. गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. अंत्यज मुलांच्या शाळा त्याआधीच निघाल्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक त्या शाळांवर जायला तयार होत ना, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. ही गोष्ट बडोद्याच्या प्रगतीची हकिकत सांगताना आपण ओझरती सांगतो. ती ओझरती सांगू नये, कारण पुढे जे घडले त्याची सूचना तीत होती.

१९१३ हे वर्ष मोठे नवलाचे. ३ मे रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, आणि जूनमध्ये बडोदे संस्थानाने एका बावीस वर्षांच्या पदवीधराशी करार केला. भीमराव रामजी आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. त्याआधी, कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी या विद्यार्थ्याला महाराजांकडे नेले होते, आणि दरमहा पंचवीस रुपयांच्या बडोद्याच्या वेतनावरच त्यांचे बी. ए. पर्यंतचे शिक्षण पुरे झाले होते. शिष्यवृत्ती, शिक्षण, मग संस्थानच्या निरनिराळ्या खात्यांत काम शिकणे, आणि अखेर अर्थखात्याची जबाबदारी, अशी ही आखणी होती. कागदावर हिच्याइतकी उत्तम उमेदवारी दुसरी सापडणे कठीण.

सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार बडोद्यास हजर झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकीत. प्यायला पाणी मिळेना. शहरात राहायला घर कोणी देईना, म्हणून एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दाराशी आले आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. त्यांनी स्नेह्यांकडे आसरा मागितला, तो मिळाला नाही. महाराजांकडे अर्ज गेला, त्यांनी तो दिवाण मनुभाई मेहतांकडे पाठवला, आणि दिवाणांनी असमर्थता दाखवली. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचे पाच तास कोलंबियात शिकून आलेल्या या विद्वानाने कामाठी बागेत बसून काढले. ती बाग सयाजीरावांनीच लोकांसाठी बांधलेली होती.

या प्रसंगी सयाजीरावांचा हेतू शुद्ध होता, असे म्हणून त्यांचे चरित्रकार सुटका करून घेतात. हेतू शुद्ध होताच. बाबासाहेबांनीही त्यांच्याविषयीची कृतज्ञता कधी सोडली नाही. परंतु काम शिकायला आलेल्याला खुर्ची लागते, पाण्याचा पेला लागतो, रात्री पाठ टेकायला जागा लागते, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस शिकवायला राजी असावा लागतो. पैसा आणि आज्ञापत्र यांनी यातले काहीच मिळत नाही. न्यूयॉर्कचा खर्च राजाला देता आला, स्वतःच्या कचेरीतल्या शिपायाचे मन त्याला बदलता आले नाही. आणि स्वतः मध्ये पडून ते बदलण्याचा जेवढा आग्रह धरायला हवा होता, तेवढा त्या आठवड्यात त्याने धरला नाही. माधवरावांनी ज्या मायेने कवळाण्याच्या मुलाला राज्य शिकवले, तशा मायेने आंबेडकरांना खाते शिकवणारा एकही अधिकारी बडोद्यात निघाला नाही.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत वारले. राज्य चालवून त्यांना सत्तावन्न वर्षे झाली होती. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. कलाभवन त्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत सामावले गेले आणि तेथील पदवीशिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले. या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबाई मेहता. त्या दिवाण मनुभाई मेहतांच्या कन्या. संविधानसभेत मूलभूत हक्कांचा मसुदा तयार करणाऱ्या उपसमितीत त्या आणि डॉ. आंबेडकर सहकारी सदस्य होते. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम त्याच हक्कांच्या प्रकरणात आहे.